पायथनच्या लायब्ररीतला बग दुरुस्त करताना: गुळाच्या पट्टीतल्या एका आकड्यापासून

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं पट्टीचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. सौदा झाला की गुळाचे रवे काट्यावर जातात, दिवाणजी वजन टाकतात, हमाली-तोलाईचा हिशेब होऊन पट्टी निघते. दुकानातला जुना प्रोग्रॅम ही माहिती जेसन फाइलमध्ये (एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे माहिती पाठवायचा ठरलेला मजकुरी साचा) भरून आमच्याकडे पाठवायचा, आणि ती फाइल तो अक्षरं जोडून हातानं बनवायचा. चौकटीत जे टाइप होईल ते जसंच्या तसं फाइलमध्ये. २०२३ मध्ये एका संध्याकाळी एकच फाइल आमच्या एका सर्व्हरनं मुकाट वाचली आणि दुसऱ्यानं नाकारली. वजन होतं बेचाळीस. दिवाणजींनी चार दाबला तेव्हा कीबोर्ड इंग्रजीवर होता, दोन दाबेपर्यंत तो मराठीवर गेला होता. इंग्रजी चार, त्याला चिकटून मराठी दोन.

"दादा, माझ्या मशिनवर चालतंय की!" आमच्याकडचा नवा मुलगा म्हणाला. आणि खरंच चालत होतं. तेच विचित्र होतं.

बग आमच्या कोडमध्ये नव्हता, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेबरोबर येणाऱ्या जेसन लायब्ररीत होता. आम्ही आमच्यापुरता इलाज केला आणि पुढच्या कामाला लागलो. कुठंही नोंद केली नाही. २०२४ मध्ये दुसऱ्या कुणीतरी तो दाखवला आणि दुरुस्ती झाली. ही गोष्ट मला अजून लागते. आपल्या लिपीतल्या आकड्यावर अडखळणारा बग सगळ्यात आधी आपल्यालाच दिसतो, मग तो सांगायचं आणि सुधारायचं कामही आपण करायला हवं होतं. पुढच्या वेळी तुम्ही किंवा मी असे थांबू नये म्हणून हा सगळा रस्ता पायरीपायरीनं लिहून ठेवतोय. सरावाला हाच बग घ्या. त्यासाठी पायथनची दुरुस्तीआधीची आवृत्ती लागेल, ३.१२.० चालेल. आज्ञा मी आपण बोलताना म्हणतो तशा लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजीत टाकायच्या.

शिरोलीच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला रनटाइम लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅम चालताना वापरतो तो तयार कोड, काय असते ते पटकन समजेल. लायब्ररी हा पॅटर्न आहे, म्हणजे ज्यावरून साचा बनतो तो मूळ आकार, आणि तुमचा प्रोग्रॅम हे त्यातून निघालेलं एक कास्टिंग. कास्टिंगला फुगवटा आला तर तेवढं एक घासून घेता येतं. पॅटर्न सुधारला तर त्यापुढचं प्रत्येक कास्टिंग बदलतं. आणि त्या जुन्या फुगवट्याच्या मापानं कुणीतरी आपलं फिक्स्चर, म्हणजे कास्टिंग धरून ठेवायचं साधन, बनवून ठेवलेलं असतं, त्याचं काम त्या दिवशी अडतं. लायब्ररीत ओळ बदलायला पाच मिनिटं पुरतात. बाकीचा वेळ त्या फिक्स्चरवाल्याचा विचार करण्यात जातो, आणि तो तसा जायलाच हवा.

पहिली पायरी: बग कुणाचा ते ठरवा

लायब्ररीवर बोट ठेवण्याआधी आपलं अंगण झाडून घ्या. फाइल निम्मी करा, पुन्हा चालवा, पुन्हा निम्मी करा. आमची काहीशे ओळींची पट्टी शेवटी एका आकड्यावर आली. मग बाहेरचं एकही पॅकेज नसलेलं नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा आणि पायथन 'डॅश कॅपिटल आय' देऊन, म्हणजे आयसोलेटेड मोडमध्ये, चालवा. लायब्ररी नेमकी कुठल्या फाइलमधून येतेय तेही छापून बघा. फोल्डरमध्ये स्वतःचीच जेसन डॉट पीवाय नावाची फाइल पडलेली असते आणि माणूस दिवसभर लायब्ररीला दोष देत बसतो, हे मी एकदा नाही, बऱ्याच वेळा पाहिलंय.

दोन सर्व्हर दोन रीतीनं का वागत होते? जेसन वाचायचं काम पायथनमध्ये दोन ठिकाणी लिहिलेलं आहे. एक सी भाषेत, वेगासाठी. दुसरं शुद्ध पायथनमध्ये, सी भाग उपलब्ध नसेल तेव्हासाठी. साधं 'जेसन डॉट लोड्स' म्हटलं की सी चा रस्ता धरला जातो. पण एका सर्व्हरवर आम्ही डिकोडरचा सबक्लास करून याद्या वाचायची पद्धत बदलली होती. सी चा स्कॅनर असे बदल जुमानत नाही, म्हणून तिथं 'पीवाय मेक स्कॅनर', म्हणजे शुद्ध पायथनमधला स्कॅनर, वापरला होता. सी चा रस्ता म्हणाला, चारनंतर स्वल्पविराम हवा होता. पायथनचा रस्ता म्हणाला, बेचाळीस.

असा दोन ओळींचा नमुना हातात आला की निम्मं काम झालं. तो येईपर्यंत पुढच्या पायरीकडे जाऊ नका.

दुसरी पायरी: हा बग आहे, की असंच वागायचं ठरलंय?

सगळ्यात जास्त पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल लायब्ररीत घ्या' अशा विनंत्या, इथं फसतात, असं माझं मत आहे. तीन साक्षीदारांना विचारा: लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन, त्या विषयाचं प्रमाणपत्रक (म्हणजे नियम ठरवणारा मानक दस्तऐवज), आणि आधीपासून असलेल्या टेस्ट.

जेसनचं प्रमाणपत्रक म्हणजे आरएफसी ८२५९, २०१७ चं. त्यात आकडा म्हणजे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ, दुसरं काही नाही. आता खरं सांगायचं तर माझं मन उलट सांगत होतं. मराठी दोन स्वीकारणारी बाजू आपली, नाकारणारी परकी, असं वाटत होतं. पायथनचं 'इंट' तर मराठी आकड्यांतलं बेचाळीस आनंदानं घेतं, आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय, डॉक्युमेंटेशनमध्येही तसं लिहिलंय. पण 'इंट' माणसानं लिहिलेलं वाचतं. जेसन हा दोन प्रोग्रॅममधला करार आहे. समोरचा प्रोग्रॅम दुसऱ्या भाषेत लिहिलेला असेल तर तो हा आकडा फेकून देईल, आणि शेतकऱ्याच्या पट्टीवरची रक्कम फाइल कुठल्या सर्व्हरनं वाचली यावर ठरेल. म्हणून इथं नाकारणारी बाजू बरोबर आणि स्वीकारणारी चूक. आपल्या लिपीवरचं प्रेम दुकानाच्या चौकटीत दाखवावं, करारात नाही.

याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवा. मजकुरात नमुने शोधणाऱ्या 'आरई' लायब्ररीत 'बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस' (म्हणजे सलग अक्षरं) हा नमुना देऊन 'कोल्हापूर' या शब्दातून शब्द शोधा. एक शब्द मिळायला हवा. मिळतात पाच तुकडे: क, ल, ह, प, र. पायथनच्या हिशेबात या शब्दात नऊ चिन्हं आहेत, आणि त्यातल्या मात्रा, काना, उकार, हलन्त यांना 'बॅकस्लॅश डब्ल्यू' अक्षर मानतच नाही. मराठी माणसाला हा उघड बग वाटेल, मलाही वाटतो. याची नोंद २०११ पासून आहे. पण डॉक्युमेंटेशन काय म्हणतं? 'इझ अल-न्यूम' ज्याला हो म्हणेल ते, आणि अंडरस्कोर. म्हणजे कोड लिहिल्याप्रमाणेच वागतोय. हे बदलायचं तर जगभरातले किती नमुने वेगळे जुळायला लागतील याचा अंदाज करा. असा बदल चर्चेनं, इशाऱ्यांनी, नव्या आवृत्तीत करायचा असतो, एका संध्याकाळच्या पुल रिक्वेस्टनं नाही. तोवर मराठी मजकुरासाठी 'रेजेक्स' हे वेगळं पॅकेज घ्या, ते मात्रांसकट शब्द धरतं.

तिसरी पायरी: नोंद

पायथनचे इश्यू, म्हणजे बगच्या नोंदी, एप्रिल २०२२ पासून गिटहबवर आहेत. उघडे आणि बंद दोन्ही शोधा. बंद इश्यूमध्ये 'हे का बदलणार नाही' याची उत्तरं असतात आणि ती वाचायलाच हवीत. सापडलं नाही तर नवा इश्यू: आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, दोन ओळींचा नमुना, काय मिळालं, काय मिळायला हवं, आणि प्रमाणपत्रकातला कुठला नियम मोडतोय. एवढंच. बग सुरक्षेचा असेल, म्हणजे त्यातून कुणी बाहेरचा आत शिरू शकत असेल, तर उघड इश्यू करू नका. पायथनच्या सुरक्षा गटाला खाजगीत कळवा.

चौथी पायरी: स्वतःचा पायथन बांधा

मशिनवर आधीपासून असलेल्या पायथनला हात लावायचा नाही. गिट वापरून सीपायथनची, म्हणजे सी भाषेत लिहिलेल्या मूळ पायथनच्या कोडची, पूर्ण प्रत घ्या. उथळ प्रत घेतली तर पुढे इतिहास चाळता येत नाही. उबुंटूवर कंपायलर, ओपनएसएसएल, झेडलिब आणि लिबएफएफआय यांची डेव्हलपमेंट पॅकेजेस आधी टाका, नाहीतर बांधणी पूर्ण होते पण काही मॉड्यूल गायब असतात. मग 'कॉन्फिगर' ला 'विथ पायडीबग' हा पर्याय द्या आणि 'मेक डॅश जे' चालवा. साध्या लॅपटॉपवरही हे काही मिनिटांचं काम आहे. डीबग बांधणी हळू चालते, पण आतले तपास चालू ठेवते. चुकीची मेमरी वापरली तर ती तिथंच ओरडते. इन्स्टॉल करू नका, त्याच फोल्डरमधून 'डॉट स्लॅश पायथन' असं चालवा. मॅकवर या फाइलच्या नावाला 'डॉट ईएक्सई' लागतं, घाबरू नका. तिथं मोठ्या-छोट्या अक्षरांत फरक नसल्यामुळे 'पायथन' नावाच्या फोल्डरशी टक्कर टाळायला ते केलंय. विंडोजवर 'पीसीबिल्ड' फोल्डरमधली बिल्ड फाइल चालवायची.

आधी मेन ब्रँचवर, म्हणजे पुढच्या आवृत्तीचं काम चालतं त्या मुख्य शाखेवर, नमुना चालवून बघा. तिथं बग आधीच गेला असेल तर तुमचं काम फक्त तो जुन्या ब्रँचवर का गेला नाही हे विचारण्याचं आहे.

पाचवी पायरी: मूळ शोधा

सीपायथनच्या झाडात 'लिब' म्हणजे पायथनमध्ये लिहिलेली लायब्ररी, 'मॉड्यूल्स' म्हणजे सी मध्ये लिहिलेली, 'ऑब्जेक्ट्स' म्हणजे स्ट्रिंग, लिस्ट, डिक्शनरी असे मूळ प्रकार, आणि 'लिब'च्या आत 'टेस्ट'. जेसनचा पायथन भाग 'लिब'मधल्या जेसन फोल्डरमध्ये आहे, सी भाग 'मॉड्यूल्स'मध्ये 'अंडरस्कोर जेसन डॉट सी' मध्ये.

३.१२.० मधली स्कॅनरची फाइल उघडा. आकडा ओळखणारा एक रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकूर जुळवायचा नमुना, दिसेल. पहिला आकडा एक ते नऊ, इंग्रजीच, हे तिथं स्पष्ट आहे. त्यानंतरच्या आकड्यांसाठी 'बॅकस्लॅश डी', दशांशानंतर 'बॅकस्लॅश डी', आणि घातांकातही तेच. इथंच मेख आहे. पायथनच्या मजकूर नमुन्यांत 'बॅकस्लॅश डी' म्हणजे युनिकोडमधला कुठल्याही लिपीतला दशमान आकडा: देवनागरी, बंगाली, अरबी, सगळे. नमुन्यानं मराठी दोन आत घेतला, 'इंट'नं त्याचा बेचाळीस केला. इंग्रजी चार आधी होता म्हणून दार उघडलं. दोन्ही आकडे मराठी असते तर हाच रस्ता नाही म्हणाला असता. त्यामुळे हा बग इतकी वर्षं लपून राहिला असावा.

सी चा भाग उघडा, तिथं प्रत्येक चिन्ह शून्यापेक्षा लहान आहे का, नऊपेक्षा मोठं आहे का, एवढंच बघितलंय. दोन रस्ते वेगळे वागले, आणि पेप ३९९ (पेप म्हणजे पायथनचे नियम-प्रस्ताव) म्हणतं की पायथन आणि सी ची जोडी असेल तर दोन्हींनी सारखंच वागलं पाहिजे. इश्यूमध्ये लिहायला हा दुसरा भक्कम मुद्दा.

'आधी चालत होतं, आता बंद पडलं' अशा बगला 'गिट बायसेक्ट' वापरा. चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती सांगितली की गिट मधोमध नेऊन ठेवतं. तुम्ही बांधायचं, नमुना चालवायचा, बरं की वाईट सांगायचं. हजार कमिटमधून, म्हणजे नोंदवलेल्या बदलांतून, दहा फेऱ्यांत दोषी कमिट सापडतो. त्या कमिटचा संदेश आणि तिथली चर्चा वाचा. ती ओळ कुणीतरी दुसरा बग दुरुस्त करायलाच टाकलेली असते, आणि तुम्ही ती नुसती परत फिरवली तर तो जुना बग परत येईल.

सहावी पायरी: आधी नापास होणारी टेस्ट

'लिब'मधल्या 'टेस्ट जेसन' फोल्डरमध्ये प्रत्येक विषयाची टेस्ट एकदाच लिहिलेली आहे आणि ती दोन वर्गांतून दोनदा चालते: एकदा सी चा भाग अडवून, एकदा तो घेऊन. आपली टेस्ट त्याच जागी घाला. नमुने तीन: पूर्णांकात मराठी आकडा, दशांशानंतर मराठी आकडा, घातांकात मराठी आकडा. स्कॅनरच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये 'बॅकस्लॅश डी' तीनदा आहे, म्हणून टेस्टही तीन. एकच तपासला आणि दोन ठिकाणी दुरुस्ती राहून गेली तर कुणाला कळणार नाही.

मराठी आकडा टेस्टमध्ये थेट टाइप करू नका. युनिकोड क्रमांकानं लिहा. देवनागरी शून्याचा क्रमांक ०९६६, दोनचा ०९६८. रिव्ह्यू करणाऱ्याच्या स्क्रीनवर देवनागरी फॉन्ट नसेल तर त्याला चौकोन दिसतील, आणि चौकोनाचा रिव्ह्यू कुणी करू शकत नाही.

आता दुरुस्ती न करता टेस्ट चालवा. पायथनचा वर्ग नापास, सी चा पास. असंच दिसलं पाहिजे. दोन्ही पास झाले तर तुमची टेस्ट बग पकडतच नाही.

सातवी पायरी: दुरुस्ती

तीन ठिकाणी 'बॅकस्लॅश डी' काढून शून्य ते नऊ हा कंस घाला. झालं. रेग्युलर एक्स्प्रेशनला 'आस्की' (म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं-आकडे) झेंडा लावूनही हेच साधलं असतं, पण मला कंस आवडतो. वाचणाऱ्याला नियम त्याच ओळीत दिसतो, शेवटी लावलेला झेंडा शोधावा लागत नाही. शेजारच्या ओळीची मोकळी जागा नीट करणं, चलाचं नाव सुधारणं, हा मोह आवरा. रिव्ह्यू करणाऱ्याला फक्त तीन बदल दिसले पाहिजेत.

मग एक आडवी फेरी मारा. 'लिब' फोल्डरमध्ये 'बॅकस्लॅश डी' आणि 'इझ डिजिट' शोधा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा: इथं मराठी आकडा आला तर? 'यूआरएल लिब'मध्ये पोर्ट वाचताना आता 'इझ डिजिट'बरोबर 'इझ आस्की' ही तपासतात, ते याच कारणानं. 'इझ डिजिट'मध्ये आणखी एक खड्डा आहे. वर्गाचा छोटा दोन, म्हणजे घातातला दोन, त्याला ते आकडा म्हणतं, पण 'इंट' तो घेत नाही आणि एरर फेकतं. नवे बग शोधायला ही फेरी उत्तम. सापडलं तर वेगळा इश्यू, वेगळी पुल रिक्वेस्ट.

बग सी मध्ये असता तर इथं जास्त थांबावं लागलं असतं. प्रत्येक ऑब्जेक्टचा संदर्भ कुणी घेतला आणि कुणी सोडला, हे कागदावर लिहून काढा, विशेषतः एरर होऊन मध्येच बाहेर पडणाऱ्या वाटांवर. गळती आणि दुबार सोडणं तिथंच होतं. एखादं फंक्शन 'नल' परत देत असेल तर एरर लावलाय का ते बघा. प्रोग्रॅम धाडकन बंद पडत असेल तर 'फॉल्ट हँडलर' चालू करा, म्हणजे निदान पायथनच्या कुठल्या ओळीवर पडला ते कळतं. बाकी 'जीडीबी' आणि 'ॲड्रेस सॅनिटायझर'ची बांधणी.

आठवी पायरी: सगळ्या टेस्ट

आधी 'डॅश एम टेस्ट' देऊन फक्त जेसनच्या. मग 'डॅश जे शून्य' देऊन सगळ्या, म्हणजे मशिनमधले सगळे कोअर कामाला लागतात. सी ला हात लावला असेल तर 'डॅश कॅपिटल आर, तीन कोलन तीन' नं संदर्भांची गळती तपासा. एखादी नेटवर्कची टेस्ट नापास झाली तर तुमचा बदल काढून पुन्हा चालवा. तरीही नापास झाली तर ती तुमची नाही.

शेवटी 'ब्लर्ब' हे साधन वापरून बदलाच्या बातमीची फाइल बनवा, विभाग 'लायब्ररी'. वापरणाऱ्याला काय बदललं ते एका वाक्यात: जेसनचा पायथन भाग आता आस्कीबाहेरचे आकडे नाकारतो. आत कुठली ओळ बदलली ते तिथं लिहायचं नाही.

नववी पायरी: फिक्स्चरवाला आणि पुल रिक्वेस्ट

आता पॅटर्नकडे परत या. या दुरुस्तीनं कुणाचं चालू काम बंद पडेल? ज्यांच्या फाइलमध्ये मिश्र आकडे आहेत आणि जे पायथनच्या रस्त्यानं वाचतात, त्यांचं. आमचंच पडलं असतं. तरीही इथं प्रमाणपत्रक स्पष्ट आहे आणि सी चा मुख्य रस्ता आधीपासून नाकारतोच, म्हणून हा बदल दुरुस्ती म्हणून बसतो. डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं वागणं बदलायचं असेल तर पेप ३८७ लागू होतं: आधी इशारा, आणि निदान दोन आवृत्त्या वाट.

दुरुस्ती आधी मेन ब्रँचवर जाते, मग जुन्यांवर. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती येते. ३.१३ पासून प्रत्येक आवृत्तीला दोन वर्षं बगच्या दुरुस्त्या मिळतात, ३.१२ पर्यंत त्या दीड वर्षच मिळायच्या. त्यानंतर एकूण पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत फक्त सुरक्षेच्या. जुन्या ब्रँचवर न्यायचं की नाही हे कोअर डेव्हलपर ठरवतात. ते लेबल लावतात आणि बॉट तशी पुल रिक्वेस्ट बनवतो. बॉटला जमलं नाही तर हातानं करावं लागतं, तेव्हा मागे हटू नका.

पुल रिक्वेस्टच्या शीर्षकाची सुरुवात इश्यूच्या क्रमांकानं. पहिल्या वेळी योगदानाच्या करारावर सही करावी लागते, ती ऑनलाइन होते. रिव्ह्यूनंतरचे बदल नव्या कमिटनं टाका, जुने पुसून फोर्स पुश करू नका. मर्ज होताना सगळे मिळून एकच कमिट होतो. आणि वाट बघायची तयारी ठेवा. रिव्ह्यू करणारी बरीच माणसं हे काम आपल्या वेळात करतात. महिनाभर कुणी बोललं नाही तर एक नम्र ओळ लिहा. "हा इनपुट येतो तरी कुठून?" असं विचारलं तर मार्केट यार्डातल्या दिवाणजींची गोष्ट सांगा, कीबोर्ड मध्येच कसा बदलतो ते सांगा. मराठी कीबोर्ड न वापरणाऱ्याला हा प्रसंग सुचणारच नाही.

तोवर दुकान कसं चालवायचं

दुरुस्ती मंजूर होऊन तुमच्या सर्व्हरवर पोचायला काही महिने जातात. तोवर इन्स्टॉल झालेल्या पायथनची फाइल हातानं बदलू नका, पुढच्या अपडेटला ती पुसली जाईल आणि का पुसली गेली हे कुणाला आठवणार नाही. पडदा आपल्या कोडमध्ये घाला. आम्ही चौकटीतलं वजन फाइलमध्ये जायच्या आधीच तपासायला लागलो: सगळे आकडे मराठी किंवा सगळे इंग्रजी असतील तर 'इंट'नं एकच संख्या करून पुढे, मिश्र असतील तर दिवाणजींना तिथंच विचारायचं. वजनात दशांश असेल तर 'डेसिमल', तेही मराठी आकडे घेतं. आणि जेसन जोडायचं काम हाताकडून काढून 'जेसन डॉट डम्प्स'कडे दिलं.

त्या पडद्याच्या वर कॉमेंटमध्ये इश्यूचा क्रमांक आणि दुरुस्ती कुठल्या आवृत्तीत येतेय ते लिहून ठेवा. सर्व्हर त्या आवृत्तीवर गेला की पहिल्या पायरीचा दोन ओळींचा नमुना पुन्हा चालवा, दोन्ही रस्त्यांनी नाही म्हटलं की लायब्ररीसाठी घातलेला भाग काढून टाका. दिवाणजींना विचारणारा भाग मात्र तसाच राहू द्या.